प्रॉडक्शन सर्व्हरवर कम्पायलर हवाच कशाला?

माहीमकर_रूट
सीप्झमधल्या एका क्लायंटच्या चालू कामाच्या (प्रॉडक्शन) उबुंटू सर्व्हरवर, सर्व्हरांवर नजर ठेवणाऱ्या नागिओसचा एनआरपीई एजंट टाकायला आमचा पोरगा गेलाय. जेवणाआधीपासून फोनावर फोन. एनआरपीई २.१५ च्या सोर्स कोडची टारबॉल उघडली, तर बांधणीआधी मशीन तपासणारी कॉन्फिगर स्क्रिप्ट म्हणते, कोडचं बायनरी करणारा सी कम्पायलर नाही. बिल्ड-इसेन्शियल हे कम्पायलरचं पॅकेज टाकलं. मग एसएसएल या एन्क्रिप्शन लायब्ररीचे हेडर नाहीत. लिबएसएसएल-डेव्ह टाकलं. हेडर मिळाले, तर आता लायब्ररी सापडत नाही! उबुंटूच्या आप्ट कमांडनं एका ओळीत येणाऱ्या तयार पॅकेजसाठी हा उपद्व्याप कशाला? प्रॉडक्शनवर कम्पायलर चढवायचाच नाही, हे माझं स्पष्ट मत. घुसखोराच्या हाती आयतं कोलीत.

ठाणे_स्लो
अजिबात सहमत नाही. घुसखोर तयार बायनरी घेऊन येतो, तुमच्या जीसीसी कम्पायलरवाचून त्याचं काही अडत नाही. आणि शेवटचा एरर कम्पायलरचा नाहीच. लायब्ररी मशीनवर आहे, पण ६४-बिट उबुंटूत ती यूएसआर-लिबखाली ‘एक्स८६_६४-लिनक्स-जीएनयू’ या फोल्डरात बसते. जुनी स्क्रिप्ट तिथे डोकावतच नाही. कॉन्फिगरला ‘विथ-एसएसएल-लिब’ हा पर्याय देऊन तो पत्ता सांगा, गाडी पुढे सरकेल.

पॅकेजचं कौतुक तर सांगूच नका. उबुंटूची पॅकेजं जिथून येतात ते डेबियनवाले एनआरपीई बांधतानाच कमांड-आर्ग्युमेंट, म्हणजे कमांडसोबत बाहेरून मूल्यं पाठवायची सोय, बंद ठेवतात. कॉन्फिग फाइलमध्ये ‘डोन्ट_ब्लेम_एनआरपीई’ कितीही १ करा, नागिओसकडून पाठवलेला थ्रेशोल्ड (इशारा कधी द्यायचा ती मर्यादा) एजंट घेणार नाही. ते हवं तर सोर्सला पर्याय नाही.

माहीमकर_रूट
उगाच बंद ठेवतात का? याच आर्ग्युमेंटमध्ये नवी ओळ घुसडून बाहेरून हवी ती कमांड चालवता येते, हे २०१४ मध्ये उघड झालं. या त्रुटीचा नोंद क्रमांक सीव्हीई-२०१४-२९१३. बाधित कोण? २.१५ आणि त्याआधीच्या आवृत्त्या! थ्रेशोल्ड एजंटच्याच कॉन्फिग फाइलमध्ये लिहा आणि अनेक सर्व्हरवर एकदम बदल करणाऱ्या अँसिबलनं सगळीकडे पसरवा.

ऐरोलीकर
दोघंही इंटरनेट गृहीत धरताय. आमच्याकडच्या डेटा सेंटरात आप्ट बाहेर पोचतच नाही, पेन ड्राइव्ह गेटवर जमा. वेगळ्या व्हीएमवर (व्हर्च्युअल मशीनवर) बांधा, पॅकेज करा आणि चेंज रिक्वेस्ट टाकून आत न्या. फक्त व्हीएमवर लिनक्सची डिस्ट्रो आणि आवृत्ती सर्व्हरवरचीच ठेवा. रॉकी लिनक्स ९ वर बांधलेलं बायनरी रॉकी ८ वर नेलंत, तर ‘जीलिबसी २.३४ नॉट फाउंड’ म्हणून तोंडावर आपटेल. जीलिबसी म्हणजे सी ची मूळ लायब्ररी, ८ वर ती २.२८ च असते.

ठाणे_स्लो
व्हीएम मान्य, साहेब. पण कॉन्फिगर तिथेही असाच अडणार. कॉन्फिगर जिथे सगळी नोंद ठेवतो ती कॉन्फिग डॉट लॉग फाइल उघडून कुठला टेस्ट प्रोग्राम कुठे फसला, हे वाचायला पोरांना कोण शिकवणार? सगळे शेवटची ओळ कॉपी करून गूगलला विचारतात.

माहीमकर_रूट
ते खरंय. तूर्त पोरग्यानं आप्टनं टाकलं, एजंट उठला. आता फायरवॉलमध्ये एनआरपीईचं ५६६६ पोर्ट उघडा म्हणून नेटवर्कवाल्यांच्या मागे लागलाय. ते म्हणतात, सोमवारी बघू.