मदत हवी आहे: माइक हातात आला की तोंडाला कोरड पडते

नमस्कार मंडळी, मी सोलापूरला शाळेत शिकवते आणि हौसेने सूत्रसंचालन पण करते (मानधन म्हणजे शाल, श्रीफळ आणि एक फ्रेम). वर्गात रोज चार-पाच तास बोलते, तिथे काही होत नाही. पण स्टेजवर गेलं की दहाव्या मिनिटाला जीभ टाळूला चिकटते, आणि 'विनंती करते' म्हणताना तोंडातून चक् चक् आवाज येतो, तो स्पीकरमधून मागच्या रांगेपर्यंत जातो.

मागच्या वेळी म्हटलं यावेळी रिस्क नको, म्हणून सुरू व्हायच्या आधी एक लिटरची बाटली गटागटा संपवली, आणि मग व्हायचं तेच झालं, पाहुणे 'फक्त दोन शब्द' म्हणून उभे राहिले ते पाऊण तास बसेचनात, मी पोडियमपाशी एका पायावरून दुसऱ्या पायावर. त्यात नंतर परत कोरड पडलीच! स्टेजवर मिळालेल्या बाटलीचं सील एका हाताने उघडेना, दुसऱ्या हातात माइक, पाणी साडीवर.

आता मेमध्ये दिवसभराचा कार्यक्रम आहे, मांडवात, सोलापूरचं ऊन म्हणजे बेचाळीसच्या खाली नाहीच. लवंग, खडीसाखर, ज्येष्ठमध सगळं करून झालं. खडीसाखरेने तर तोंड अजूनच चिकट होतं. किती पाणी, कधी प्यायचं, कोणी अनुभवाने सांगेल का?

प्रतिसाद:
ताई, ही नुसती तहान नाही, धाकधूक आहे. घाबरलं की पातळ लाळ कमी सुटते, उरते ती घट्ट, म्हणून चिकटतं. आणि प्यायलेलं पाणी अन्ननलिकेतून जातं, स्वरयंत्राला थेट लागत नाही, तिथला ओलावा शरीरातूनच यावा लागतो. त्यामुळे आदल्या दिवसापासून आणि सकाळपासून थोडं थोडं प्या, शेवटच्या तासात फक्त घोट घोट, तेही तोंड ओलं करण्यापुरतं. वाफ मात्र थेट पोचते, सकाळी पाच मिनिटं घ्या. एक विचारू, सर्दी-अॅलर्जीची गोळी चालू आहे का? त्यातल्या बऱ्याच गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं.

प्रतिसाद:
मी कीर्तनात टाळकरी असतो. बुवा दोन-दोन तास उभे असतात, पण बघा, अभंगाची चाल टाळकऱ्यांनी उचलली की तेवढ्यात एक घोट घेतात, लोकांना कळतही नाही. तुम्ही टाळ्यांत घ्या, दीपप्रज्वलनात घ्या, हार घालताना घ्या. आणि बाटली नकोच, कडकड वाजते. तांब्या-फुलपात्र ठेवा, अर्धंच भरून.

धागाकर्ती:
अहो गोळी! सेटिरिझिन, धुळीच्या शिंकांसाठी, कार्यक्रमाच्या दिवशी तर हमखास घेते, स्टेजवर शिंक नको म्हणून. हे डोक्यातच आलं नव्हतं. डॉक्टरांना विचारते, मनाने बंद नाही करत. फुलपात्र आईकडून आणते. चहाचं मात्र कोणीच बोललं नाही, स्टेजवर चढायच्या आधी अर्धा कप तरी चालेल ना?