लुमेनच्या आधी लाइटची जागा बघा

मालवणला डायव्हिंगला जाताना कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यासाठी कुठला लाइट घ्यावा, यावर वर बहुतेकांनी "जास्त लुमेनचा (म्हणजे जास्त प्रकाशाचा) टॉर्च घ्या" असं सांगितलंय. मला ते अर्धवट वाटतं. कॅमेऱ्याचा स्वतःचा फ्लॅश लेन्सला खेटून असतो, त्यामुळे समोरचा गाळ उजळतो आणि फोटोभर पांढरे ठिपके पडतात. टॉर्चही तिथेच धरलात तर तेच होणार. ट्रे (कॅमेरा बसवायची पट्टी) आणि आर्म (तिला जोडलेला, लाइट धरणारा दांडा) आधी घ्या, लाइट बाजूला ठेवून थोडा बाहेर वळवा.

पळत्या माशांना स्ट्रोबच (कॅमेऱ्याबाहेरचा वेगळा फ्लॅश) हवा, तो फायबर ऑप्टिक केबलने कॅमेऱ्याच्या फ्लॅशवरच उडतो. व्हिडिओला टॉर्च. लाल रंग पहिल्या 5 मीटरमध्येच बराचसा जातो, म्हणून दोन्ही प्रकारांत हातभर अंतरावर जा.

टॉर्च आला की मी इथे सोलापुरात घरीच तपासतो. दोरीवर लाल-पिवळी चादर टाकली, खोलीत अंधार केला. पहिल्या टॉर्चचा मधोमध पांढरा डाग, काठाची नक्षी दिसेचना, परत केला. दुसऱ्यात काठापर्यंतची लाल वीण स्वच्छ दिसली. फक्त चादरीचा धागा टॉर्चच्या ओ-रिंगवर (पाणी अडवणारं रबरी कडं) राहू देऊ नका, तेवढ्यानंही पाणी शिरतं.