तांबेकर वाड्याच्या गोष्टी: ट्वाइनची वापर-चाचणी मुलांवर कशी घ्यावी?

मांडवी_दरवाजा:
बडोद्यातल्या मराठी घरांतली सातवी-आठवीची २४ मुलं आहेत. तांबेकर वाड्यातली भित्तिचित्रं (महाभारत, कृष्णलीला, इंग्रज-मराठा लढाई) पाहून झाली की त्यांवर फाटे फुटणाऱ्या गोष्टी त्यांनी ट्वाइनमध्ये (वाचकाने रस्ता निवडायच्या गोष्टी रचण्याचं सॉफ्टवेअर) रचायच्या आहेत. कार्यशाळेआधी हे सॉफ्टवेअर त्यांना झेपतं का, ते तपासायचंय. विंडोजचे ८ कॉम्प्युटर आहेत, हातात दोन तास. मुलं गुजराती माध्यमातली, देवनागरी येते ती हिंदीमुळे. सगळ्यांना एकदम बसवून शेवटी ‘आवडलं का?’ असा फॉर्म भरून घ्यायचा, असा बेत आहे. एवढं पुरेल?

चाचणीकर:
नाही पुरणार. फॉर्मवर मुलं सगळ्यात हसऱ्या चेहऱ्यालाच खूण करतात, कारण समोर ताई-दादा उभे असतात. अडलं कुठे, ते त्यातून कळत नाही.

आणि २४ जणांना चाचणीत खर्च करू नका. १२ घ्या, म्हणजे ६ जोड्या: तीन जोड्या पहिल्या फेरीत, मग दुरुस्त्या, मग उरलेल्या तीन. (पाच जणांवर तपासलं की बहुतेक अडचणी सापडतात, हा वापर-चाचणीचे तज्ज्ञ याकोब निल्सन यांचा हिशोब सगळे सांगतात, पण तो एकाच प्रकारच्या वापरकर्त्यांपुरता आणि फेऱ्या पुन्हा पुन्हा घेण्यासाठी आहे.) जोडीच का? एकट्या मुलाला ‘मनातलं मोठ्याने बोल’ म्हटलं की दोन मिनिटांत ते गप्प होतं. जोडीत मात्र ‘अरे तिथे नाही, वर दाब’ हे आपोआप ऐकू येतं. माउस कोणाकडे, ते दर दहा मिनिटांनी बदला.

कामाच्या चिठ्ठीवर बटणांची नावं लिहू नका. ‘नवीन पॅसेज जोडा’ (पॅसेज म्हणजे गोष्टीचा एक तुकडा) असं लिहिलंत, तर तुम्ही त्यांचं वाचन तपासताय. ‘वाचक चित्रांच्या खोलीत आहे. तिथून त्याला दोन रस्ते द्या’ असं लिहा. जोडी अडली तर दोन मिनिटं थांबा, मग ‘काय करायचंय तुम्हाला?’ एवढंच विचारा, त्यानंतर जागा दाखवा, आणि अगदी शेवटी करून दाखवा. कितव्या पायरीला सुटलं, तो आकडा टिपून ठेवा.

स्क्रीन आणि आवाज रेकॉर्ड करा, चेहरे नकोत. आईवडिलांची लेखी संमती तरीही लागेलच.

टंकबहाद्दर:
खरी मेख टायपिंगमध्ये आहे. ट्वाइनमध्ये दुवा (एका पॅसेजमधून दुसऱ्याकडे जायची लिंक) द्यायला [[ ]] लागतात, आणि इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डच्या मांडणीत त्या कळांवर ड आणि नुक्ता बसलेत. मूल ‘डड’ टाइप करून स्क्रीनकडे बघत राहील, आणि तुम्ही वहीत लिहाल की दुवा ही कल्पनाच कळली नाही. विंडोज कळ आणि स्पेस दाबून कीबोर्ड बदलायचा, हे आधी शिकवा, नाहीतर रिकामे कंस नोटपॅडमध्ये तयार ठेवा, तिथून उचलून चिकटवता येतील.

दुसरं, ‘पायऱ्या’ हा शब्द. नुक्त्याच्या ऱ ने लिहिला काय, किंवा साधा र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्हाने लिहिला काय, डोळ्यांना एकच दिसतो. ट्वाइनला ते दोन वेगळे शब्द. मग जुन्या पॅसेजला दुवा लागत नाही आणि शेजारी त्याच नावाचा एक रिकामा पॅसेज उगवतो. पॅसेजची नावं ‘खोली१’, ‘जिना२’ अशी ठेवा, झंझट मिटली.

चित्रं गोष्टीच्या फाइलमध्ये साठत नाहीत, फक्त त्यांचा पत्ता जातो. ब्राउझरमधल्या ट्वाइनमध्ये ‘प्ले’ केलं की फोटोच्या जागी फुटकी चौकट दिसते. प्रकाशित केलेली फाइल आणि फोटो एकाच फोल्डरमध्ये ठेवून उघडा. आणि ब्राउझरमधल्या गोष्टी त्याच कॉम्प्युटरवरच्या ब्राउझरच्या साठ्यात असतात; कोणी ‘हिस्टरी साफ’ केली की सगळं गेलं. दर सत्राच्या शेवटी आर्काइव्ह फाइल (सगळ्या गोष्टींची एकत्र प्रत) पेनड्राइव्हवर घ्या.

मांडवी_दरवाजा:
‘डडडड’ची कल्पनाच नव्हती! मग गुण कसे काढायचे? एसयूएसची (सॉफ्टवेअर वापरायला किती सोपं, ते मोजणारी) प्रश्नावली मराठीत करून चालेल?

चाचणीकर:
शिक्षकांसाठी चालेल, मुलांसाठी नको. त्यातली दहा विधानं आलटून पालटून होकारार्थी आणि नकारार्थी असतात. ‘मला हे उगाच गुंतागुंतीचं वाटलं’ याला ‘अजिबात असहमत’ म्हणताना मूल गोंधळतं. हिशोब असा: प्रत्येक विधानाला १ ते ५ गुण; विषम विधानांच्या गुणांतून १ वजा, सम विधानांचे गुण ५ मधून वजा, बेरीज गुणिले २.५. सरासरी १०० पैकी ६८ च्या आसपास धरतात. ही टक्केवारी नव्हे, आणि पाच-सहा शिक्षकांवर दशांशापर्यंत भांडू नये. मुलांना ‘पुन्हा करशील? हो, कदाचित, नाही’ एवढंच, तेही प्रत्येक कामासाठी वेगळं विचारा.

जुनी_भिंत:
वारसा शिकला की नाही, हे यात मिसळू नका. पॅसेजना दोन रंगांचे टॅग द्यायला लावा: ‘भिंतीवर आहे’ आणि ‘आम्ही रचलं’ (हा पिवळा). लढाईच्या चित्राजवळ मुलं हमखास घोडेस्वाराला नाव आणि संवाद देतात, ते गोष्टीत शोभतं, पण टॅग पिवळा हवा. चुकीचा टॅग लागला तर जोडीलाच विचारा: टॅग सापडला नाही, की फरक कळला नाही? पहिलं असेल तर दोष सॉफ्टवेअरचा, दुसरं असेल तर वाडा पुन्हा दाखवा.

आणि चाचणीच्या आधी प्रत्येक मुलाकडून देवनागरीतला एक परिच्छेद वाचून घ्या, घड्याळ लावून. गुजरातीला शिरोरेघ नसते. काही मुलं मराठी वाचतानाच अडखळतील. तो वेळ ट्वाइनच्या माथी मारू नका.