बाळाच्या टोपड्या-मोज्यांसाठी लोकर सुचवा (आणि पुढचं पुस्तकही)

चकलीताई:
भाचीचं बाळंतपण डोंबिवलीत, नोव्हेंबरअखेर. बाळंतविड्यातलं टोपडं आणि मोजे माझ्या वाट्याला आलेत. बजेट ५०० रुपये, सुयांसकट. सध्या सुईवर माझाच मफलर आहे. नुसती सुलट वीण, त्यामुळे मांडीवर 'बनगरवाडी' उघडी ठेवून विणते. मास्तर आत्ताशी वाडीत रुळायला लागलेत. तर बाळाला लोकर घेऊ की सुती? आणि यानंतर काय वाचू?

न्यूजर्सीकर:
मेरिनो, डोळे मिटून. नातवासाठी घेतली होती, २२ डॉलरला एक लडी. तीन लागल्या. लोणी आहे लोणी.

चकलीताई:
५०० *रुपये* म्हटलंय हो.

सुलट_उलट:
डोंबिवलीत थंडी कुठली? सुतीच घे. आमच्या चिरंजीवांना लोकरीचं टोपडं एकदाच घातलं, डोकंभर घामोळं. आता ते टोपडं बाहुली घालते.

कल्याण_फास्ट:
थंडी कुठली म्हणजे? जानेवारीत पहाटे ५ ला स्टेशनवर उभं राहून दाखवा, मग बोलू.

मावशी_मिरज:
सुती धाग्याला ताण नसतो. १ सुलट १ उलटची पट्टी चार धुण्यांत सैल पडते आणि टोपडं डोळ्यांवर येतं. बाळासाठी मिळणारी मऊ ३ प्लाय (तीन पदरी) ॲक्रिलिक, म्हणजे कृत्रिम लोकर घे, सुया १० नंबर. इस्त्री मात्र फिरवू नकोस, वीण कायमची लोळागोळा होते. मी करून बसले आहे. आणि जाळीची नक्षी नको, बाळाची बोटं अडकतात.

न्यूजर्सीकर:
१० नंबर?? ६ मिलीमीटरच्या सुईवर मोजा नाही, पिशवी होईल.

मावशी_मिरज:
आपला १० म्हणजे सव्वातीन मिलीमीटर. आपल्याकडे आकडा वाढला की सुई बारीक, तुमच्याकडे जाड. सूनबाईने तिकडून '८ नंबर' पाठवल्या, त्या निघाल्या ५ मिलीमीटरच्या. आपला ८ चारचा! ह्यांचा स्वेटर गुडघ्यापर्यंत आला. नंबर सोडा, मिलीमीटर बघा.

घोंगडीप्रेमी:
धनगरांची कादंबरी वाचताय आणि ॲक्रिलिक? दख्खनी मेंढीची लोकर घ्या की!

मावशी_मिरज:
ती राठ असते. घोंगडीला उत्तम, तान्ह्याला टोचेल.

घोंगडीप्रेमी:
आम्ही घोंगडीवरच वाढलो, काही टोचलं नाही. बाकी शेवटी दुष्काळात वाडी ओस पडते, ती पानं वाचताना सुया बाजूला ठेवा.

चकलीताई:
अहो, शेवट सांगितलात!!

घोंगडीप्रेमी:
१९५५ सालचं पुस्तक आहे ताई. अजून किती वर्षं गप्प बसायचं?

कल्याण_फास्ट:
१९९५ ला पालेकरांचा सिनेमाही येऊन गेला.

सुलट_उलट:
सुतीला +१. (माझंच मत आहे, तरी +१.)

टाका_निसटला:
पुढचं काहीही वाच, फक्त रहस्यकथा नको. खुनी कोण या नादात माझे ६४ टाक्यांचे ७१ झाले, वर कळलं वीस ओळींनी. सगळं उसवलं. खुनी डॉक्टर होता.

चकलीताई:
निर्णय झाला. मफलर उसवला. लोकर घरात होतीच, गालाला लावून पाहिली, मऊ आहे. रंग मातकट, पण भाची चालेल म्हणाली. ५०० मधून १० नंबरच्या सुया आल्या आणि उरलेल्यात एक रहस्यकथा. बनगरवाडीची शेवटची चाळीस पानं राहिलीत, ती सुया खाली ठेवूनच वाचणार.

मावशी_मिरज:
उसवलेली लोकर आधी लडी करून कोमट पाण्यात भिजव, वळ्या जातील. ऐकणार नाहीसच, तरी सांगितलं.

न्यूजर्सीकर:
मेरिनो आहे का ती?