‘आर्टिफॅक्ट’ला मराठीत काय म्हणायचं? कलाकृती, पुरावस्तू की नुसती वस्तू?

कोपरगावची_बाई

नमस्कार मंडळी. आमच्या शाळेतल्या एका रिकाम्या खोलीत छोटं संग्रहालय उभं राहतंय. गावाबाहेर जुनी पांढरी, म्हणजे जुन्या वस्तीचं मातीचं टेकाड, आहे. शेतात टाकायला तिची माती नेताना लोकांना जे सापडत गेलं, ते त्यांनी शाळेत आणून दिलं: खापरं, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, दोन-चार मणी, गारगोटीसारख्या दगडाची बारीक पाती, जात्याची एक तळी. शिवाय एका आजींनी घरातला पितळी अडकित्ता दिलाय.

वस्तूंजवळ लावायच्या चिठ्ठ्यांचा मजकूर आधी इंग्रजीत तयार झाला. त्यात प्रत्येक ठिकाणी ‘आर्टिफॅक्ट’ आहे, आणि भाषांतर करणाऱ्याने सगळीकडे ‘कलाकृती’ घातलंय. फुटक्या खापराखाली ‘कलाकृती’ वाचून सातवीतल्या मुलीने विचारलं, “बाई, यात कला कुठे आहे?” तिचा प्रश्न मला रास्त वाटला. योग्य शब्द कोणता?

वाचक_नगर

‘पुरावस्तू’ लिहा. संग्रहालयांत तोच चालतो, जुन्या पुस्तकांत ‘पुराणवस्तू’ही दिसेल. ‘अवशेष’ मात्र नको, त्यात भिंती, हाडं, सगळंच येतं.

थर_तिसरा

‘पुरावस्तू’ चुकीचा नाही, पण बाईंच्या खोलीतल्या सगळ्या वस्तूंना तो पुरणार नाही. माझी उमेदवारी पॉटरी यार्डात गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पॉटरी यार्ड म्हणजे उत्खननाच्या शेजारी जमिनीवर आखलेले चौकोन. खड्ड्यातून घमेल्याने खापरं येतात. ती ब्रशने धुवायची, उन्हात वाळवायची, ज्या थरातली त्या चौकोनात मांडायची आणि मग त्यांच्यावर बारीक अक्षरांत गावाची, खड्ड्याची, थराची खूण शाईने घालायची. मणी, नाणं, तांब्याचा गळ किंवा मृण्मूर्ती निघाली तर ती यार्डात येत नाही. ती वेगळ्या पाकिटात जाते आणि अँटिक्विटी रजिस्टरात तिची नोंद होते. ‘पुरावस्तू’ म्हटल्यावर आमच्या डोळ्यांपुढे येते ती ही पाकिटातली वस्तू. यार्डातल्या ढिगाला आम्ही खापरंच म्हणतो. इंग्रजीत मात्र पाकिटातला मणी आणि ढिगातलं खापर दोन्ही आर्टिफॅक्टच.

कायद्यातली पुरावस्तू आणखी वेगळी. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात वयाची अट आहे: वस्तू किमान १०० वर्षांची हवी, हस्तलिखित ७५ वर्षांचं चालतं. आर्टिफॅक्टला अशी अट नाही. माणसाच्या हातून घडलं एवढं पुरे, मग ते काल घडलेलं का असेना.

आणि सुंदर असण्याची, उपयोगी असण्याचीही अट नाही. तुमच्याकडची पाती बहुधा कॅल्सेडनीची असणार. एक पातं घ्या आणि तिरप्या उजेडात धरा. घाव बसला त्या टोकाजवळ, सपाट बाजूला छोटा फुगवटा दिसेल, त्याच्यापासून पाण्यात खडा टाकल्यावर उठतात तशा बारीक लहरी पसरलेल्या असतील. आता उलटं करा. पाठीवर एक-दोन सरळ, समांतर कणे दिसतील. त्याच दगडावरून आधी काढलेल्या पात्यांच्या त्या खुणा. दगड नदीत आपटूनही फुटतो, कधीकधी फुगवटाही येतो. पण एकामागून एक, एकाच दिशेने, सारख्या रुंदीची पाती काढणं हे माणसाचंच काम. पाती काढून झाल्यावर मागे उरतो तो गाभा, आणि काम करताना उडालेले छिलके वेगळेच. त्यातले पुष्कळसे छिलके कुणी कधी वापरले नाहीत. त्यांना अवजार म्हणता येत नाही, तरी ते आर्टिफॅक्ट आहेत. नागपूर जिल्ह्यात नायकुंडला लोखंड गाळायची प्राचीन भट्टी सापडली. अशा भट्टीतली मळी, म्हणजे लोखंड गाळल्यावर उरणारा टाकाऊ भाग, कुणी हौसेने केलेली नसते, पण तीही मोलाची, कारण तिच्यावरून लोखंड कसं गाळत ते कळतं. ‘कलाकृती’ म्हटलं की हे सगळं उंबऱ्याबाहेर राहतं, म्हणून मला तो शब्द इथे मुळीच मान्य नाही.

खापरांबद्दलही सांगतो. ती लाल असतील, वर काळ्या रंगाच्या रेघा असतील आणि नखाने टिचकी मारली तर खणखणीत वाजत असतील, तर जोर्वे पद्धतीच्या भांड्यांची असण्याचा संभव आहे. संगमनेरजवळचं, प्रवरेकाठचं जोर्वे तुम्हाला फार लांब नाही. तिथे १९५०-५१ मध्ये सांकलिया आणि देव या पुरातत्त्वज्ञांनी उत्खनन केलं आणि गावाचं नाव अशी भांडी वापरणाऱ्या लोकांच्या संस्कृतीला मिळालं. एखाद्या तुकड्याला नळीसारखी तोटी असेल तर तो जपून ठेवा.

माझं मत असं: ‘मानवनिर्मित वस्तू’ हा शब्द खोलीच्या दारावरच्या पाटीवर एकदाच लिहा. चिठ्ठीवर त्या-त्या वस्तूचं आपलं नाव येऊ द्या. खापर, मणी, पातं, गाभा, तळी. हे शब्द मुलांच्या घरात आहेत, त्यांना भाषांतर लागत नाही.

एमआरआय_वाला

विषय थोडा वेगळा, पण आमच्याकडेही हा शब्द रोज कानावर पडतो. स्कॅन चालू असताना पेशंट हलला की चित्रात रेघा, सावल्या उमटतात. दातातल्या किंवा हाडातल्या धातूजवळ काळा डाग येतो. शरीरात तसं काहीच नसतं. त्यालाही आर्टिफॅक्ट म्हणतात. बाईंचं भाषांतर मशीनने केलं असेल तर हे दोन अर्थ एकत्र झालेत का, तेवढं तपासून घ्या.

कोपरगावची_बाई

तिसरे थर, मनापासून आभार. पात्यावरचे कणे आज मुलांना दाखवले, वर्ग अर्धा तास उन्हात होता. आता दोन शंका. खापरांबरोबर एक हाड आणि जळून काळे झालेले थोडे दाणे आलेत, ते दारावरच्या पाटीत बसतात का? आणि अडकित्त्याचं काय?

थर_तिसरा

दाणे बसत नाहीत. हाडाला टोक काढलेलं असेल, भोक पाडलेलं असेल, घासून गुळगुळीत केलेलं असेल तर बसतं, नुसतं असेल तर नाही. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगावला १९६८ ते १९८३ अशी उत्खननं झाली. तिथे घरांच्या जमिनीखाली लहान मुलांची दफनं मिळाली, दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेले. त्यातले रांजण मानवनिर्मित वस्तू, आत ठेवलेलं मूल माणूसच. त्याला वस्तू म्हणायला माझी जीभ रेटत नाही आणि शास्त्रातही म्हणत नाहीत. तिथल्या घरातली चूल माणसानेच केलेली, पण उचलून कपाटात ठेवता येत नाही, म्हणून तिची नोंद वेगळी होते. जव मिळाले, ते पेरले माणसाने, घडवले नाहीत. तेव्हा दाण्यांसाठी वेगळी काचेची बाटली करा आणि वर ‘जळालेलं धान्य’ एवढंच लिहा. ते हाताळू मात्र देऊ नका, चुरा होतो.

अडकित्ता नक्की बसतो. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्ते आणि दिवे पाहून या, रोजच्या वापरातली वस्तू केवढ्या मानाने मांडता येते ते कळेल. आजींना विचारून तो कुणाचा, कुठून घेतला, कोण वापरायचं, हे आत्ताच लिहून घ्या.

एक विनंती. पांढरीतल्या वस्तूंसोबत त्या कुणाच्या शेताजवळ, साधारण किती खोलीवर मिळाल्या हे ज्याला आठवतं त्याच्याकडून वहीत उतरवून घ्या, आणि राज्याच्या पुरातत्त्व विभागाला संग्रहाबद्दल पत्र पाठवा. इथून पुढे मुलांना उकरायला पाठवू नका. थरातून सुटलेलं खापर हातात येतं, पण ते कशाच्या वर होतं आणि कशाच्या खाली, हे परत मिळत नाही. जे वर पडलेलं दिसेल त्याचा जागेवरच फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवून.