एमजीबी: केबलच्या आधी अर्थिंग तपासा

तुमच्या एमजीबीला (एमजीची जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार) ॲक्सिलरेटरची नवी केबल टाकूनही पेडल जडच आणि आता पुन्हा तार तुटली, हे तुमच्या पोस्टमध्ये वाचून मला केबलपेक्षा अर्थिंगचा, म्हणजे करंट बॉडीतून बॅटरीकडे परतायच्या जोडणीचा, संशय येतोय. एमजीबीचं इंजिन रबरी माउंटिंगवर बसतं, म्हणून इंजिन आणि बॉडी जोडायला वेगळी अर्थिंगची पट्टी असते. ती गंजली, किंवा क्लचच्या कामात परत लावायची राहून गेली, की स्टार्टरचा शंभरावर अँपिअरचा करंट दुसरी वाट शोधतो. ती वाट म्हणजे ॲक्सिलरेटरची नाहीतर चोकची केबल! तार तापते, आतलं अस्तर वितळतं. जुनी केबल फेकली नसेल तर आवरण कुठे जळलंय का पाहा. स्टार्टर मारताना इंजिनचा ब्लॉक आणि बॉडीमध्ये मल्टीमीटर धरा. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा गेला तर दोषी सापडला.

बाकी नवी केबल बसवणं सोपं. पेडलकडे डोकं खाली घालून खटपट करावी लागते, त्याला इलाज नाही. कार्ब्युरेटरकडचा पकडस्क्रू बेताने आवळा, नाहीतर तारेचे पदर तिथेच कापले जातात. आणि तार ताणून बांधू नका. थोडी ढील हवीच, नाहीतर इंजिन हललं की आयडलिंग वर जातं. मग इंजिन बंद ठेवून कुणाला तरी पेडल पूर्ण दाबायला सांगा आणि दोन्ही एसयू कार्ब्युरेटरचे थ्रॉटल (हवेच्या झडपा) पूर्ण उघडतात का बघा.

केबलमध्ये तेल सोडा, हा इथे आधी कुणीतरी दिलेला सल्ला मात्र मला पटला नाही. अस्तरवाली केबल कोरडीच चालवायची असते. तेलावर धूळ बसून ती आणखी जड होते.