आरबीसीएल येतो, पीएसएए काही केल्या येईना

शेवाळवेडी:
सोलापुरात एमएस्सी बॉटनी करतेय. क्लॅमिडोमोनस या एकपेशीय हिरव्या शेवाळाच्या हरितलवकातली प्रकाशसंश्लेषणाची जनुकं, आरबीसीएल आणि पीएसएए, पीसीआरने (डीएनएच्या प्रती काढून) वाढवून सिक्वेन्सिंगला पाठवायचीत. जेलवर आरबीसीएलचा बँड (डीएनएचा पट्टा) पहिल्याच खेपेला 1.4 केबीला (केबी म्हणजे हजार बेस) ठसठशीत आला. पीएसएएच्या लेनमध्ये मात्र तळाशी प्रायमर-डायमरचा (एकमेकांना चिकटलेल्या प्रायमरचा) धूर, बाकी कोरं. प्रायमर (प्रत कुठून कुठे काढायची ते ठरवणारे डीएनएचे छोटे तुकडे) कोडिंग सिक्वेन्सवरून काढलेत, एक सुरुवातीला, एक शेवटाला. अ‍ॅनीलिंगचं (प्रायमर चिकटण्याचं) तापमान उतरवून झालं. मॅडम म्हणतात डीएनए खराब झालाय, परत काढ.

पिपेटवाला:
जीसी (डीएनएतले जी आणि सी बेस) जास्त असेल, मग धागे सुटत नाहीत. ते सुटायला डीएमएसओ टाकून बघा.

होटगी रोड:
डीएमएसओ राहू दे. या शेवाळाच्या केंद्रकात जीसी 64 टक्के, पण हरितलवकात जेमतेम 35. आणि डीएनए खराब असता तर आरबीसीएल तरी कसा आला असता?

अगं, पीएसएए हे जनुक सलग नाहीच. तीन तुकडे (एक्झॉन), गोलाकार जीनोमवर एकमेकांपासून लांब. प्रत्येकाचा आरएनए वेगळा बनतो आणि मग ट्रान्स-स्प्लायसिंगने जोडला जातो. 1987 सालीच छापून आलंय हे. जोडणीला टीएससीए नावाचा छोटा आरएनए लागतो, शिवाय केंद्रकातली किमान 14 जनुकं. तुझं म्हणजे एका गाडीचा एक डबा टिकेकरवाडीला, दुसरा मोहोळला, तिसरा कुर्डुवाडीला, आणि इंजिनापासून गार्डाच्या डब्यापर्यंत आतून चालत जायचंय!

पहिला एक्झॉन शंभर बेसचाही नाही. जनुकाचा बहुतेक भाग तिसऱ्यात आहे. दोन्ही प्रायमर तिथेच बसव. पूर्ण जनुक एकसंध हवं तर आरएनए काढून त्यावरून सीडीएनए (आरएनएची डीएनए प्रत) करावा लागेल.

पुढे पीएसबीए हे जनुक करशील तेव्हा ध्यानात ठेव: त्यात चार इंट्रॉन (आरएनएतून कापून टाकले जाणारे मधले भाग) आहेत, बँड हिशेबापेक्षा बराच वर येणार. हे जनुक उलट्या पुनरावृत्तीत (जीनोमवर दोनदा, उलट दिशांना येणाऱ्या भागात) असल्याने प्रतीही दोन. 2002 मध्ये या हरितलवकाचा पूर्ण सिक्वेन्स आला, 203 केबी, 99 जनुकं. जेनबँक या ऑनलाइन डेटाबेसवर फुकट मिळतो. प्रायमर मागवण्याआधी त्यावर टाकून बघायला पाच मिनिटं लागतात, ऑर्डरचे पैसे वाचतात.

शेवाळवेडी:
दादा, आरएनएचं अवघड आहे, उणे 80 चा फ्रीझर बंद पडलाय. तिसऱ्या एक्झॉनचंच करते. कंबर तलावाचं हिरवं पाणीही आणलंय, त्याला हेच प्रायमर चालतील?

होटगी रोड:
आधी मायक्रोस्कोपखाली बघ. हिरवं दिसलं म्हणजे हिरवं शेवाळच असेल असं नाही. नीलहरित (सायनोबॅक्टेरिया) निघालं तर त्यात हरितलवकच नसतं. पीएसएए असतं, पण सलग, आणि त्याला प्रायमर वेगळे लागतील. फोटो इथे टाक.